नामनिर्देशन कोणी करायचे?

‘आगामी वर्षासाठी अध्यक्ष, उपाध्यक्ष, मानद सचिव, खजिनदार आणि कार्यकारिणी सदस्य या पदांकरिता नामनिर्देशनपत्रे मागविण्यात येत आहेत. अर्जावर सूचक व अनुमोदक यांच्या सह्या आवश्यक. मुदतीनंतर आलेल्या अर्जांचा विचार केला जाणार नाही.’ अशा धर्तीची सूचना दरवर्षी गावोगावच्या डॉक्टरांच्या संघटनांमधून निघते. परिचारिकांच्या, दंतवैद्यांच्या, औषधनिर्मात्यांच्या संघटनांतही थोड्याफार फरकाने असाच मजकूर फिरतो. बहुतेक सभासद तो वाचून बाजूला ठेवतात. मग आपल्यासारख्या, डॉक्टरांशी फक्त ताप-खोकल्यापुरता संबंध येणाऱ्या माणसांनी त्याची दखल घेण्याचे कारणच उरत नाही. ती त्यांची घरची बाब, असे आपण समजतो.

पण ती तेवढी घरची राहिलेली नाही. मराठीत ‘नामनिर्देशन’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. निवडणुकीत आपले नाव पुढे करणे किंवा सहकाऱ्याचे नाव सुचविणे, हे एक नामनिर्देशन. सरकारने एखाद्या मंडळावर आपल्या पसंतीचा माणूस नेमणे, हे दुसरे. पहिल्यात नाव खालून वर जाते, दुसऱ्यात ते वरून खाली येते. गेल्या पंधरा वर्षांत आपल्या देशात वैद्यकीय व्यवसायाचे नियमन करणाऱ्या संस्थांचा प्रवास पहिल्या अर्थाकडून दुसऱ्या अर्थाकडे झाला आहे. हा प्रवास का झाला आणि त्यात रुग्णाच्या पदरात काय पडले, हे समजून घ्यायचे तर त्या दुर्लक्षित सूचनेपासूनच सुरुवात करावी लागते.

संघटना वेगळी, परिषद वेगळी

आधी एक गल्लत दूर केली पाहिजे. डॉक्टरांची संघटना आणि डॉक्टरांची परिषद या दोन निरनिराळ्या संस्था आहेत. इंडियन मेडिकल असोसिएशन, म्हणजे आयएमए, ही संघटना. तिचे सभासद होणे ऐच्छिक असते आणि सभासदांच्या हिताची बाजू मांडणे हे तिचे काम. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, म्हणजे महाराष्ट्र वैद्यक परिषद, ही १९६५ च्या कायद्याने चालणारी संस्था. तिच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय राज्यात ॲलोपॅथीचा व्यवसाय करता येत नाही आणि डॉक्टरने व्यवसायाची नीती मोडली तर तक्रार तिच्याकडे जाते. पहिली संस्था वकिलासारखी आहे, दुसरी न्यायाधीशासारखी. दोन्ही ठिकाणी निवडणूक होते, दोन्हीकडे नामनिर्देशनपत्रे भरली जातात आणि अनेकदा एकाच वर्तुळातली माणसे दोन्हीकडे दिसतात.

संघटनेच्या खुर्चीवर कोण बसतो याचा आपल्या स्वयंपाकघराशीही संबंध येतो. आयएमएने २००८ मध्ये पेप्सिको कंपनीशी एक करार केला. त्यानुसार कंपनीच्या फळांच्या रसाला आणि ओट्सला संघटनेच्या नावाचा आधार मिळाला. डॉक्टरांच्या संघटनेचे नाव पाहिले की मुलाच्या हातात तो रस देताना आई दुसरा विचार करीत नाही. कंपनीला नेमके तेच हवे असते. या कराराबद्दल पुढे २०१० मध्ये भारतीय वैद्यक परिषदेने संघटनेच्या पदाधिकाऱ्यांवर कारवाईचा आदेश काढला. हा करार करावा की नाही, हे देशभरच्या लाखो सभासदांना कोणी घरोघर जाऊन विचारले नव्हते. तो पदाधिकाऱ्यांनी केला होता, आणि पदाधिकारी त्या नामनिर्देशनपत्रांतूनच आलेले होते.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. औषध कंपन्यांकडून भेटवस्तू, सहलींचा खर्च, रोख रक्कम घेऊ नये, असा नियम परिषदेने डिसेंबर २००९ मध्ये केला. तो डॉक्टरांना आणि डॉक्टरांच्या संघटनांनाही लागू होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि ‘संघटना’ हा शब्द नियमातून वगळण्यात आला. म्हणजे जे एकट्या डॉक्टरने करायचे नाही, त्याबद्दल त्यांच्या संघटनेला जाब विचारण्याची सोय या नियमात राहिली नाही. संघटनांची अधिवेशने मोठी होत गेली, त्यांचे मंडप आणि भोजनावळी कोणाच्या पैशावर उभ्या राहतात, हा प्रश्न मागेच राहिला. एका शब्दाच्या या फेरफाराची दखल किती घरांत घेतली गेली असेल?

संघटनेच्या बाजूने सांगण्यासारखेही पुष्कळ आहे. फसव्या औषधी जाहिरातींविरुद्ध पतंजलीला सर्वोच्च न्यायालयात खेचणारी, २०२२ मध्ये याचिका करणारी हीच आयएमए होती. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टरवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली, तेव्हा देशभरचे डॉक्टर संघटनेच्या हाकेवरच एकत्र आले. मात्र पतंजलीच्या त्याच खटल्यात एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाने आयएमएलाही सुनावले, की महागडी औषधे लिहून देणाऱ्या आपल्या सभासदांकडेही पाहा, आधी स्वतःचे घर नीट लावा. संघटनेत ताकद आहे, ती कोणत्या दिशेला लागते हे पदांवर बसणाऱ्यांवर अवलंबून आहे.

एके काळी अर्ज कोण भरत होते?

या बाबतीत मुंबईचा वारसा मोठा आहे. बॉम्बे मेडिकल युनियन १८८३ ची. डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा देशात प्रथम झाला तोही मुंबई इलाख्यात, १९१२ मध्ये. १९२८ च्या डिसेंबरात कलकत्त्याला अखिल भारतीय वैद्यकीय परिषद भरली आणि तिथे आजच्या आयएमएचा पाया घातला गेला. त्या परिषदेच्या अध्यक्षपदी मुंबईचे शल्यचिकित्सक डॉ. जी. व्ही. देशमुख होते. हिंदू विधवेला पतीच्या मालमत्तेत वाटा देणारा १९३७ चा कायदा ज्यांच्या विधेयकातून आला, तेच हे देशमुख. डॉ. बिधानचंद्र रॉय यांनी आयएमएचे अध्यक्षपद सांभाळले आणि १९३९ पासून भारतीय वैद्यक परिषदेचेही. पुढे ते पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री झाले.

ही माणसे रिकामटेकडी नव्हती. त्यांचे दवाखाने भरलेले असत. पण त्यांच्यापुढे एक प्रश्न होता. रुग्णालयांतल्या मोठ्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या, मुख्यतः गोऱ्या, अधिकाऱ्यांकडे असत. १९३० मध्ये ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय वैद्यकीय पदव्यांची मान्यताच काढून घेतली. आपल्या शिक्षणाचा दर्जा कोणी ठरवायचा, हा तेव्हा स्वाभिमानाचा प्रश्न होता. १९३३ चा कायदा आणि त्यातून आलेली भारतीय वैद्यक परिषद हे त्याचेच उत्तर. संघटनेचे पद म्हणजे मान कमी आणि ताप जास्त, हे तेव्हाही खरे होते. तो ताप कशासाठी सोसायचा हे मात्र स्पष्ट होते.

परिचारिकांचा इतिहास याहून जुना आणि कमी माहितीतला आहे. १९०५ मध्ये लखनौला परिचारिका अधीक्षकांची संघटना झाली, १९०८ मध्ये प्रशिक्षित परिचारिकांची, आणि १९२२ मध्ये दोन्ही मिळून आजची ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया उभी राहिली. म्हणजे परिचारिकांची देशव्यापी संघटना आयएमएच्या आधीची. सुरुवातीला पुढाकार परदेशी मेट्रन आणि मिशनरी परिचारिकांचा होता. हळूहळू तो भारतीय परिचारिकांकडे आला. वॉर्डात ‘सिस्टर, जरा इकडे या’ एवढ्याच शब्दांत जिची ओळख संपते, तिच्या व्यवसायाला शंभर वर्षांहून अधिक काळाची संघटित परंपरा आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते?

बिनविरोध म्हणजे एकमत?

आता आजच्या सूचनेकडे येऊ. अर्ज मागविले जातात, मुदत संपते आणि ‘सर्व पदाधिकारी बिनविरोध निवडून आले’ अशी दोन ओळींची बातमी स्थानिक वर्तमानपत्रात झळकते. बिनविरोध हा शब्द आपल्याकडे कौतुकाने वापरतात. निवडणुकीतली कटुता टळली, ज्येष्ठांनी सामोपचाराने मार्ग काढला, असा त्याचा अर्थ लावला जातो. काही वेळा तो खराही असतो. पण पुष्कळदा बिनविरोध म्हणजे दुसरे कोणी पुढे आलेच नाही, एवढेच असते. आणि कोणी पुढे का आले नाही, याचा शोध कोणी घेत नाही.

कारणे शोधायला लांब जावे लागत नाही. तालुक्याच्या गावी एकट्याने दवाखाना चालविणाऱ्या डॉक्टरची संध्याकाळची ओपीडी रात्री नऊला संपते. सचिवपद घेतले की सभेच्या नोटिसा, हिशेब, पोलीस ठाण्यातल्या चकरा, एखाद्या रुग्णालयात नातेवाइकांनी तोडफोड केली की अपरात्री धावाधाव, हे सगळे मागे लागते. मोठ्या शहरात खासगी रुग्णालयात पगारावर असलेला तज्ज्ञ डॉक्टर व्यवस्थापनाला न रुचणारी भूमिका घ्यायला कचरतो. तरुण डॉक्टरला वाटते, तिथे सगळे आधीच ठरलेले असते. माजी अध्यक्षांच्या बैठकीत नाव निघाले नाही तर अर्ज भरून हसे करून घ्यायचे कशाला? आणि जिथे खरी लढत होते, तिथे पॅनेल, जेवणावळी, फोनाफोनी असे सगळे राजकारण येते. त्याला कंटाळून सरळ माणूस पाऊल मागे घेतो.

बायकांची अडचण आणखी वेगळी. वैद्यकीय महाविद्यालयांत मुलींची संख्या आता भरपूर आहे. संघटनेच्या व्यासपीठावरच्या खुर्च्यांत मात्र त्या प्रमाणात त्या दिसत नाहीत. सभा रात्री साडेनऊला ठेवायची आणि मग ‘महिला डॉक्टर येत नाहीत हो’ असे म्हणायचे, यातला विरोधाभास कोणाला खुपत नाही. परिचारिकेचे तर विचारूच नये. तिची ड्युटी पाळीची. सकाळपाळी संपवून सभेला जायचे, तर दुसऱ्या दिवशीची रात्रपाळी डोळ्यांपुढे असते. रजा मागायची तर वॉर्डात आधीच हात कमी. तरीही मे २०२२ च्या अखेरीस राज्यातल्या शासकीय परिचारिका त्यांच्या संघटनेच्या नेतृत्वाखाली संपावर गेल्या. परिचारिकांची भरती बाहेरच्या कंत्राटदारामार्फत करू नये, ही त्यांची प्रमुख मागणी होती. संप झाला की रुग्णांचे हाल होतात, हे खरेच. पण अतिदक्षता विभागात आपल्या माणसाच्या उशाशी उभी असणारी परिचारिका कायम नोकरीतली, अनुभवी असावी की दर काही महिन्यांनी बदलणारी, हा प्रश्न आपलाही आहे. तो कोणीतरी मांडायला हवा, आणि मांडायला त्या पदावर कोणीतरी असायला हवे.

वरून आलेली नावे

चांगली माणसे लांब राहिली की पदे रिकामी पडत नाहीत. ती त्याच त्या माणसांकडे राहतात. संघटनेत यामुळे शैथिल्य येते. परिषदेत त्याचा परिणाम फार गंभीर होतो. भारतीय वैद्यक परिषदेत राज्याराज्यांतून, विद्यापीठांतून निवडून आलेल्यांचा मोठा भरणा होता. एप्रिल २०१० मध्ये तिच्या तेव्हाच्या अध्यक्षांना लाचखोरीच्या आरोपावरून सीबीआयने अटक केली. पुढच्याच महिन्यात सरकारने परिषद बाजूला सारून कारभार नियुक्त मंडळाकडे दिला. नंतर परिषद परत आली, पण विश्वास परत आला नाही. मार्च २०१६ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने तिच्यावर कडक ताशेरे ओढले आणि नियामक निवडणुकीने न येता स्वतंत्र निवड समितीकडून नेमला जावा, असे सुचविले. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने देखरेखीसाठी न्या. लोढा समिती नेमली. २०१८ मध्ये परिषद पुन्हा बरखास्त झाली, २०१९ मध्ये नवा कायदा आला आणि सप्टेंबर २०२० पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोग काम पाहू लागला.

या आयोगात कायद्याने ३३ सदस्य. थेट मतदानाने येणारा त्यांत एकही नाही. होमिओपॅथी आणि आयुर्वेद-युनानीसाठी २०२० मध्ये, दंतवैद्यक आणि परिचर्या यांसाठी २०२३ मध्ये याच धर्तीचे कायदे झाले. ज्या परिषदांवर निवडून जाण्यासाठी एके काळी चुरस होती, त्यांच्या जागी नेमणुकीच्या आयोगांची तरतूद झाली.

हे वाईटच झाले, असे म्हणण्याची घाई करू नये. ब्रिटनचा अनुभव या बाबतीत शहाणपण शिकविणारा आहे. हॅरॉल्ड शिपमन या डॉक्टरला जानेवारी २००० मध्ये पंधरा रुग्णांच्या खुनांबद्दल शिक्षा झाली. प्रत्यक्ष बळी दोनशेच्या वर असावेत, असे चौकशीत निघाले. त्या चौकशीच्या २००४ च्या अहवालाने ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलवर नेमके बोट ठेवले. परिषदेत डॉक्टरांनी निवडून दिलेल्यांचे बहुमत असेल, तर त्यांचे लक्ष मतदारांकडे, म्हणजे डॉक्टरांकडेच राहणार. २००९ पासून तिथे निवडणूक बंद झाली. सगळे सदस्य नेमलेले, आणि त्यांत निम्मे डॉक्टर नसलेले नागरिक.

म्हणजे नुसती निवडणूक रुग्णाचे रक्षण करीत नाही. पण नुसती नेमणूकही करीत नाही. ब्रिटनने नेमणूक स्वीकारताना निम्म्या खुर्च्या तुमच्या-माझ्यासारख्यांना दिल्या. आपल्या आयोगात अध्यक्षांखेरीज दहा पदसिद्ध सदस्य आहेत आणि बाकीच्या बावीस जागांपैकी कायदा, व्यवस्थापन, ग्राहक व रुग्ण हक्क अशा अन्य क्षेत्रांतल्यांसाठी अवघ्या तीन. निवडणूक गेली, पण तिच्या जागी रुग्ण आलेला नाही. आले ते सरकार.

रुग्ण कुठे जातो?

इथे एक गोष्ट नजरेतून सुटू नये. राष्ट्रीय आयोगावर नऊ सदस्य असे असतात, की ज्यांची नावे राज्यांच्या वैद्यक परिषदा आपल्या निवडून आलेल्या सदस्यांमधून सल्लागार परिषदेवर पाठवितात आणि त्यांतून आळीपाळीने त्यांना आयोगावर घेतले जाते. म्हणजे दिल्लीपर्यंत पोहोचणारी निवडणुकीची एक बारीकशी वाट अजून उघडी आहे, आणि तिची सुरुवात राज्याच्या परिषदेच्या नामनिर्देशनपत्रापाशी होते. महाराष्ट्राच्या परिषदेत अठरापैकी नऊ जागा डॉक्टरांनी निवडून द्यायच्या असतात. पण परिषदेची मुदत २०२२ मध्ये संपल्यावर निवडणूक वेळेवर झाली नाही आणि कारभार प्रशासकाकडे गेला. देशात सर्वांत आधी डॉक्टरांची नोंदणी सुरू करणाऱ्या प्रांतातली ही गोष्ट. निवडून आलेले सदस्यच नाहीत, तर त्यांच्यातून नाव पाठवायचे कोणाचे?

सामान्य माणसाला याची झळ तक्रार करताना लागते. शस्त्रक्रियेत हलगर्जी झाली, अशी एखाद्या कुटुंबाची तक्रार असेल, तर ती राज्य परिषदेपुढे येते. तिथला निर्णय पटला नाही तर दाद कुठे मागायची? २०१९ च्या कायद्यात अपिलाच्या कलमात वैद्यकीय व्यावसायिकाचा उल्लेख आहे, रुग्णाचा नाही. डॉक्टर अपील करू शकतो. रुग्णाला त्या कलमाने ती वाट दिलेली नाही. त्यामुळे राज्य परिषदेत बसलेली माणसे कोण आहेत, याला रुग्णाच्या दृष्टीने आणखी महत्त्व येते. त्याची बाजू ऐकणारी पहिली खुर्ची हीच, आणि व्यवसायाच्या चौकटीत कदाचित शेवटचीही.

काय करता येईल?

मोठ्या क्रांतीची गरज नाही. संघटनेने अर्ज मागविताना त्या पदाचे काम काय, त्याला आठवड्याचे किती तास लागतात, हे लिहून द्यावे. मुदत चार दिवसांची न ठेवता महिन्याची ठेवावी. एका पदावर दोनपेक्षा अधिक वेळा राहता येऊ नये. संघटनेचा पदाधिकारी असताना परिषदेत न्यायनिवाड्याला बसता येऊ नये. वकील आणि न्यायाधीश एकच असून चालत नाही. अधिवेशनाला कोणत्या कंपनीने किती पैसे दिले, ते वार्षिक हिशेबात छापावे. सभा अशा वेळी ठेवाव्यात, की घर आणि दवाखाना दोन्ही सांभाळणाऱ्या डॉक्टरीणबाईंना येता येईल. परिचारिका संघटनेच्या कामाला गेली तर रुग्णालयाने तिची पाळी बदलून द्यावी. सरकारने परिषदांच्या निवडणुका मुदत संपण्याआधी घ्याव्यात, आणि परिषदांत डॉक्टर नसलेल्या नागरिकांना खऱ्या अर्थाने जागा द्याव्यात.

आणि आपण? आपल्यालाही एक गोष्ट सहज करता येते. प्रत्येक कुटुंबाला एखादा ओळखीचा डॉक्टर असतो. आळीत, नात्यात एखादी परिचारिका असते. पुढच्या वेळी रक्तदाबाचे आकडे विचारून झाले की त्यांना सहज विचारावे, यंदा तुमच्या संघटनेत कोण उभे आहे, तुम्ही मत दिलेत का, तुम्हीच का उभे राहत नाही? सुरुवातीला ते हसतील. ‘आम्हाला कुठे वेळ आहे हो,’ असेही म्हणतील. ते खोटे नाही. पण रुग्णाला या गोष्टीची चौकशी करावीशी वाटते, हे त्यांना कळणेही महत्त्वाचे आहे. आजवर त्यांना ते कोणी कळविलेले नाही. ज्या डॉक्टरवर आपण डोळे मिटून भरवसा ठेवतो, त्याचे नाव सरकारी यादीत यावे म्हणून आपल्याला काही करता येत नाही. सहकाऱ्यांनी त्याचे नाव सुचवावे, असे त्याला स्वतःला वाटू लागावे, एवढे मात्र करता येईल.